विश्लेषण : घरी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उभारता येते का? काचसामान सहज मिळते, मग आम्लाची बाटली का मिळत नाही?

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत प्लेटिंग आणि धातूवर प्रक्रिया करणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांत आम्ल हा रोजच्या वापरातला माल आहे. त्याच वसाहतीला लागून असलेल्या कॉलनीत राहणाऱ्या, अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या बारावीच्या विद्यार्थ्याला मात्र १०० मिलीलिटर आम्लही दुकानातून विकत घेता येत नाही. घरी छोटी प्रयोगशाळा उभारू पाहणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. चंचुपात्र, परीक्षानळ्या, वजनकाटा ऑनलाइन दोन दिवसांत घरपोच येतात. रसायनांच्या बाबतीत मात्र प्रत्येक पदार्थाला वेगळा नियम, वेगळा विक्रेता आणि वेगळा धोका आहे. घरी प्रयोगशाळा उभारताना काय घेता येते, काय घेता येत नाही आणि काय घेऊच नये, याचा आढावा.

घरच्या प्रयोगशाळेची गरज का भासते?

राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत रसायनशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक परीक्षेला सामोरे जावे लागते. प्रत्यक्षात जेईई आणि ‘नीट’च्या तयारीत अकरावी-बारावीची दोन वर्षे क्लासमध्ये जातात आणि प्रयोगशाळेतील हजेरी कागदावर उरते. ही स्थिती लक्षात घेऊनच राज्य सरकारने २०१८ मध्ये नाशिकसह काही विभागांतील कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला होता.

शालेय पातळीवर नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब आहेत. प्रत्येक लॅबला २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान मिळते. मात्र त्यांचा भर इलेक्ट्रॉनिक्स, रोबोटिक्स आणि थ्रीडी प्रिंटिंगवर आहे, रसायनशास्त्र त्यात जवळजवळ नाही. त्यामुळे ज्याला रंग बदलणारे द्रावण स्वतःच्या हाताने करून पाहायचे आहे, तो घरातील गॅलरीकडे किंवा गच्चीवरच्या खोलीकडे वळतो.

घरी प्रयोग करणे कायदेशीर आहे का?

घरी रासायनिक प्रयोग करण्यावर सरसकट बंदी घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. काचसामान किंवा उपकरणे घेण्यासाठीही परवाना लागत नाही. नियंत्रण आहे ते रसायनांवर. ते वेगवेगळ्या कायद्यांतून आले आहे आणि प्रत्येक कायद्याचा हेतू वेगळा आहे. विष कायदा १९१९ चा आहे. अमली पदार्थांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. स्फोटकांसाठी वेगळे नियम आहेत आणि अल्कोहोल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अखत्यारीत येते.

शिवाय घरातील निष्काळजीपणाही गुन्हा ठरू शकतो. विषारी पदार्थ हाताळताना इतरांच्या जिवाला धोका होईल असे बेजबाबदार वर्तन केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८६ खाली कारवाई होऊ शकते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवे, कारण इथे शेजाऱ्याची खिडकी आणि आपली गॅलरी यांत जेमतेम काही फुटांचे अंतर असते.

आम्ल खरेदीचे नियम काय आहेत?

आम्लहल्ल्यातून बचावलेल्या लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेला आदेश आजही आम्लविक्रीचा मुख्य आधार आहे. त्यानुसार विक्रेत्याने नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. तीत खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि किती आम्ल विकले याची नोंद हवी. खरेदीदाराने पत्ता असलेले सरकारी छायाचित्र ओळखपत्र दाखवावे आणि आम्ल कशासाठी हवे ते सांगावे. १८ वर्षांखालील व्यक्तीला आम्ल विकता येत नाही. विक्रेत्याने आपला साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जाहीर करावा लागतो आणि नियम मोडल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

याच आदेशात शैक्षणिक संस्था, संशोधन प्रयोगशाळा आणि रुग्णालयांसाठीही अटी आहेत. आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवावी, ते सांभाळण्यासाठी एक व्यक्ती जबाबदार असावी आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची तपासणी व्हावी. म्हणजे ‘सरांना सांगून शाळेतून थोडे आम्ल घरी आणू’ हा मार्गही बंद आहे. सरांनी तसे दिले, तर अडचणीत तेच येतील.

ऑनलाइन विक्रीचा प्रश्न डिसेंबर २०२२ मध्ये पुढे आला. दिल्लीतील द्वारका भागात एका १७ वर्षीय विद्यार्थिनीवर आम्लहल्ला झाला. हल्ल्यातील आम्ल ऑनलाइन मागवल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा बजावल्या.

आणखी कोणत्या रसायनांवर निर्बंध आहेत?

ॲसेटिक ॲनहायड्राइडसारखी काही रसायने अमली पदार्थ बनवण्यासाठी वापरली जाऊ शकतात. २०१३ च्या नियंत्रित पदार्थ आदेशानुसार अशा रसायनांचा व्यवहार करणाऱ्यांना अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे नोंदणी करावी लागते. अमोनियम नायट्रेटसाठी २०१२ पासून स्वतंत्र नियम आहेत. मिथेनॉलच्या साठ्यावर आणि विक्रीवर परवान्याचे बंधन आहे. मुंबईतील मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने १०० हून अधिक जणांचा बळी घेतला, त्यामागे मिथेनॉलच होते. शुद्ध इथेनॉल आणि स्पिरिटसाठीही राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम लागू होतात. त्यामुळे पाठ्यपुस्तकातील स्पिरिटचा दिवा घरी पेटवणेही वाटते तितके सोपे नाही.

नाशिकपुरते बोलायचे तर ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिक रोडजवळच्या शिंदे गावातील एका कारखान्यात मेफेड्रोन बनत असल्याचे मुंबई पोलिसांच्या छाप्यात उघड झाले. अशा प्रकरणानंतर काउंटरवर आलेल्या अनोळखी तरुणाला विक्रेत्याने दोन प्रश्न जास्त विचारले, तर त्यात नवल नाही.

मोठे विक्रेते घरच्या ग्राहकाला का टाळतात?

नियम हे एक कारण आहेच. दुसरे कारण व्यवसायाचे आहे. प्रयोगशाळा रसायनांच्या कंपन्या आणि त्यांचे वितरक महाविद्यालये, औषध कंपन्या आणि कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागांना माल देतात. संस्थेचे लेटरहेड, जीएसटी क्रमांक आणि खरेदी आदेश यांवर त्यांचा व्यवहार चालतो. घरचा पत्ता पाहून अनेक जण ऑर्डर नाकारतात.

तिसरे कारण पॅकिंगचे आहे. बहुतेक सामान्य रसायने ५०० ग्रॅम किंवा ५०० मिलीलिटरच्या पॅकमध्ये येतात. शालेय प्रयोगाला एखादा ग्रॅम पुरतो. उरलेले ४९९ ग्रॅम कपाटात पडून राहतात. लेबल पुसट होते, झाकण गंजते आणि दोन वर्षांनी त्या बाटलीत काय आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

गैरवापर रोखण्यासाठी केलेल्या नियमाचा फटका भलत्यालाच कसा बसतो, याचे उदाहरण जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दिसले. प्रयोगशाळा रसायनांवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्के करण्यात आले. या वर्गवारीतून अल्कोहोलची आयात होत असल्याने ती रोखणे हा हेतू होता. मात्र त्याची झळ देशभरातील संशोधन संस्थांना बसणार होती. शास्त्रज्ञांनी ओरड केल्यावर काही दिवसांतच, स्वतःच्या वापरासाठी आयात करणाऱ्यांना हमीपत्रावर पुन्हा १० टक्के दर लागू झाला. संस्थांचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचला. घरी शिकणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याची मात्र कोणत्याच नियमात दखल नाही, त्यामुळे त्याच्यासाठी सवलतही नाही.

मग धोका नेमका कुठे आहे?

धोका बिनलेबलच्या बाटलीत आहे. रीतसर मार्ग बंद दिसला की उत्साही मुले दुसरा शोधतात. कोणाचे वडील किंवा काका प्लेटिंगच्या कारखान्यात कामाला असतात, कोणाच्या ओळखीचा बॅटरीवाला असतो. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेले आम्ल किती संहत आहे, त्यात क्रोमियमसारखे काय मिसळले आहे, हे कोणालाच माहीत नसते. घरातील लहान मूल ती बाटली पाणी समजून तोंडाला लावू शकते. प्रयोगशाळेच्या दर्जाच्या बाटलीवर नाव, शुद्धता, धोक्याची चिन्हे आणि बॅच क्रमांक असतो आणि तिचे सुरक्षा माहितीपत्रक मिळते. चोरवाटेने आलेल्या बाटलीवर यातले काहीच नसते.

दुसरी विसंगती किराणा दुकानात दिसते. स्वच्छतागृहासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते घेताना ओळखपत्र कोणी मागत नाही. हा द्रव ब्लीचिंगच्या द्रवात मिसळला, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे ‘दुकानात सहज मिळते, म्हणजे सुरक्षित असेल’ हा समज चुकीचा आहे.

काचसामान घेताना काय पाहावे?

गरम करायची भांडी बोरोसिलिकेट काचेचीच हवीत. तापल्यावर ही काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश इतकीच प्रसरण पावते, म्हणून ती तडकत नाही. जॅमची बाटली किंवा काचेचा पेला गॅसवर ठेवणे म्हणजे काचेचे तुकडे अंगावर घेण्याची तयारी करणे. या काचेचा नाशिकशी संबंधही आहे. औषधांच्या कुप्या आणि अँप्युल बनवणारी नाशिकची क्लासपॅक कंपनी २०१६ मध्ये बोरोसिल समूहाने ताब्यात घेतली.

सुरुवातीला डझनभर परीक्षानळ्या, दोन-तीन चंचुपात्रे, एक शंकूपात्र, मोजपात्र, नरसाळे, गाळणकागद, ड्रॉपर आणि परीक्षानळीचा स्टँड पुरेसा आहे. वजनासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, दागिन्यांसाठी वापरला जाणारा छोटा डिजिटल काटा चालतो. महागड्या ब्युरेटऐवजी औषधाच्या दुकानातील सुई नसलेली सिरिंज वापरून बरेच प्रयोग करता येतात. पाऱ्याचा थर्मामीटर टाळावा. फुटला तर पारा फरशीच्या फटीत जातो आणि त्याची वाफ दिसत नाही.

यादीत पहिला क्रमांक मात्र बाजूंनीही बंद असलेल्या सुरक्षा चष्म्याचा असायला हवा. नेहमीचा नंबरचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही. सुती ॲप्रन, हातमोजे, वाळूची बादली आणि जवळ वाहत्या पाण्याचा नळ हवा. प्रयोगाची जागा स्वयंपाकघरात नको आणि प्रयोगाचे भांडे पुन्हा जेवणाच्या भांड्यांत नको.

घरी कोणती रसायने वापरता येतील?

लिंबूसत्त्व, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी, मीठ, चुन्याची निवळी आणि व्हिनेगर यांतून आम्ल-आम्लारी अभिक्रिया, स्फटिकीभवन, अवक्षेपण आणि वायू तयार होणे हे सगळे दाखवता येते. दर्शक म्हणून हळद, जास्वंद किंवा लाल कोबीचा रस चालतो.

अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असावे लागते. बाजारातल्या चार ब्रँडमध्ये ते खरोखर आहे का, हे अनुमापनाने तपासणे हा उत्तम प्रकल्प ठरू शकतो. व्हिनेगरचे नमुने घरून न्यावेत आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण वापरून अनुमापन शाळेत, शिक्षकांसमोर करावे.

मोरचूद हे नाशिककरांच्या ओळखीचे रसायन. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण फवारले जाते, त्यामुळे ते कृषी सेवा केंद्रात मिळते. त्याचे निळे स्फटिक वाढवणे हा आवडता प्रयोग आहे. पण हे शेतीचे औषध आहे आणि पोटात गेल्यास विषारी आहे. ते मोठ्या माणसाने आणावे, मूळ पाकिटातच ठेवावे आणि कुलपात ठेवावे.

बारावीच्या क्षार विश्लेषणाचा सराव मात्र घरी करू नये. त्यात संहत आम्ले, शिसे आणि बेरियमची संयुगे, विषारी वायू यांचा संबंध येतो. त्यासाठी वायू बाहेर ओढून घेणारे कपाट लागते आणि खिडकी उघडी ठेवल्याने त्याची भरपाई होत नाही. फटाके किंवा रॉकेटचे इंधन बनवण्याचे व्हिडिओ पाहून प्रयोग करणे तर थेट स्फोटकांच्या कायद्याखाली येते.

उरलेले द्रावण कुठे टाकायचे?

व्हिनेगर आणि सोड्याचे विरल द्रावण भरपूर पाण्यासोबत सिंकमध्ये सोडता येते. मोरचूद किंवा इतर जड धातूंचे द्रावण नाही. तांबे माशांना आणि सूक्ष्मजीवांना मारक असते. महापालिकेची मलजल प्रक्रिया केंद्रे सूक्ष्मजीवांच्या जोरावर चालतात, धातू काढून टाकण्यासाठी ती बांधलेली नाहीत. सातपूर-अंबड पट्ट्यातून वाहणारी नंदिनी (नासर्डी) नदी पुढे टाकळीजवळ गोदावरीला मिळते. औद्योगिक सांडपाण्यामुळे ही नदी अनेक वर्षे चर्चेत आहे.

कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी वेगळी यंत्रणा असते, पण घरातून निघालेली अर्धी बाटली ती घेत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ असा स्वतंत्र प्रकार केला गेला. मात्र असा कचरा घंटागाडीत ओल्या-सुक्याबरोबर जाऊ नये, हेही अनेक घरांना ठाऊक नसते. म्हणून सर्वात चांगला उपाय म्हणजे मुळातच कमी आणणे. थेंबांच्या प्रमाणात प्रयोग करण्याची ‘मायक्रोस्केल’ पद्धत युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या पुढाकाराने अनेक देशांतील शाळांत पोहोचली आहे. खर्च, धोका आणि कचरा या तिन्ही बाबतीत ती घराला सोयीची आहे.

इतर देशांत काय नियम आहेत?

युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत सर्वसामान्य ग्राहकासाठी द्रावणाच्या तीव्रतेनुसार मर्यादा ठरवल्या आहेत. नायट्रिक आम्ल ३ टक्क्यांपर्यंत, हायड्रोजन पेरॉक्साइड १२ टक्क्यांपर्यंत आणि सल्फ्युरिक आम्ल १५ टक्क्यांपर्यंत खुले आहे. काही रसायनांच्या बाबतीत त्यापुढील तीव्रतेसाठी सदस्य देश परवाना देऊ शकतात. म्हणजे कोणते द्रावण कितपत धोकादायक, याची स्पष्ट रेषा आहे आणि त्या रेषेखाली शिकणाऱ्याला जागा आहे.

सातपूरच्या विद्यार्थ्यासाठी उपाय काय?

आम्लविक्रीवरील निर्बंध सैल करा, असे म्हणता येणार नाही. ते ज्या यातनांतून आले आहेत, त्या विसरण्यासारख्या नाहीत. पण या नियमांमुळे रसायने हाताळण्याची रीतसर जागा आता शाळा आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा हीच उरली आहे. ती जागा वर्षातून मोजके दिवस उघडत असेल, तर जिज्ञासू मुलगा बिनलेबलच्या बाटलीकडे जाणारच. शनिवारी दोन तास शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळा खुली ठेवणे, विरल द्रावणे आधी तयार करून ठेवणे आणि शाळेने नोंदवहीसह खरेदी करणे यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांकडे प्रशिक्षित रसायनतज्ज्ञ आहेत. त्यांचे दोन तास शाळांना मिळाले, तर शिक्षकांचाही भार हलका होईल.

पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. घरात येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर लेबल आहे का, प्रयोगाच्या वेळी मोठे माणूस हजर आहे का आणि काय, किती, कधी वापरले याची वही मूल ठेवते का. रसायन डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि विषबाधेबाबत सल्ल्यासाठी दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा टोल फ्री क्रमांक प्रयोगाच्या टेबलासमोर भिंतीवर लावून ठेवावा.

प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ मध्ये कोलकात्यातील भाड्याच्या घरात सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर रसायने बनवायला सुरुवात केली आणि त्यातून बंगाल केमिकल्स उभी राहिली. तेव्हा नियम नव्हते, मात्र राय हे एडिनबर्गहून पदवी घेऊन आलेले प्राध्यापक होते. आजच्या विद्यार्थ्याला ते प्रशिक्षण शाळेच्याच प्रयोगशाळेत मिळू शकते. म्हणून घरासाठी खरेदीची यादी करण्यापूर्वी शाळेची प्रयोगशाळा आठवड्यातून किती तास उघडी असते, हे विद्यार्थी आणि पालकांनी विचारायला हवे.